सतरा नंबरची खुर्ची

"'मनाला भिडणारा, सहकुटुंब पाहावा असा, चुकवू नये असा.'" कर्णिक मॅडमनी शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला. "नूपुर, हे परीक्षण आहे की लग्नपत्रिका?"

वर्ग खो खो हसला. नूपुर ढमढेरेही हसली, पण तिची कानशिलं तापली होती. कोल्हापूरच्या चित्रविद्या केंद्रात समीक्षालेखनाच्या वर्गाला वर्षाला सात परीक्षणं लिहावी लागत. त्यातलं एक तरी केंद्राच्या त्रैमासिकात छापण्याजोगं निघालं नाही, तर वर्ग सोडावा लागे. नूपुरची सहा झाली होती आणि सहाही लग्नपत्रिका होत्या. समीक्षक व्हायचं म्हणून घरच्यांशी भांडून ती इथं आली होती. आता परत कोणत्या तोंडानं जायचं, या विचारानं तिला जेवण गोड लागत नव्हतं.

चित्रगृहामागच्या प्रयोगशाळेत ती डॉ. मुलाणींकडे गेली. चित्रगृहाची सगळी यंत्रं त्यांच्या ताब्यात होती.

"सर, मला खोट सापडतच नाही."

"कशी सापडेल?" मुलाणी म्हणाले. "हल्लीचा चित्रपट अनुसारी असतो. खुर्चीच्या हातातला स्पंदवाचक तुझी नाडी, तळव्याचा घाम आणि चष्म्यातून बुबुळांची हालचाल टिपतो. त्यावरून तुझी प्रेक्षकमुद्रा तयार होते. दिग्दर्शकानं एकाच कथेची हजारो दृश्यं करून ठेवलेली असतात. जुळणीयंत्र त्यातली तुझ्या मुद्रेला जुळणारी उचलतं आणि तुझ्या चष्म्यात सोडतं. शेजारच्याच्या चष्म्यात वेगळी."

"म्हणजे मला आवडतं तेच मला दाखवतं."

"इथंच सगळे फसतात बघ. आवडीशी त्याचं काही देणंघेणं नाही. तुझी नजर कशावरून हटत नाही, एवढंच ते बघतं. तुझी नजर गोड गोष्टींवर टिकते, म्हणून तुला गोड दिसतं. एखाद्याची जखमेवर टिकते. त्याला जखमच दिसत राहते."

सातव्या परीक्षणासाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि नूपुरच्या नावावर मुकी खुर्ची आली. सतरा नंबरची. तिच्या स्पंदवाचकाची तार तीन वर्षांपूर्वी तुटली होती आणि ती कुणी जोडली नव्हती. त्या खुर्चीला बसणाऱ्याची नाडी कळत नाही, म्हणजे तिथं दिग्दर्शकाच्या मनातला मूळ चित्रपट दिसतो, अशी वर्गाची पक्की समजूत होती. यंदापासून मॅडम दर सत्रात एकाला तिथं बसवत. नूपुरच्या आधी दोघे बसून गेले होते आणि दोघांचीही परीक्षणं छापून आली होती.

बुधवारी दुपारी रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी आपापले फोन दारातल्या लाकडी पेटीत टाकले, काळ्या वह्या घेतल्या आणि आत गेले. अंधारात कागदाकडे न बघता लिहायचं, असा मॅडमचा दंडक होता.

चित्रपट होता 'धरणाखालची वसाहत'. बाहेर आल्यावर इतरांनी त्यातलं प्रेम, गाणी, चोरीचं रहस्य असं काहीबाही सांगितलं. नूपुरनं पाहिलेल्या चित्रपटात वसाहतीच्या सभागृहात एक बाई गात होती आणि एका रिकाम्या खोलीत फोन वाजत होता. बाई गातच राहते. फोन वाजतच राहतो. पुन्हा बाईचा चेहरा, पुन्हा फोन. ते फार निर्दय होतं. काळ्या वहीत वेड्यावाकड्या रेघांनी ती नोंदी करत राहिली होती, आणि खोलीवर बसून वही वाचताना तिला पहिल्यांदाच एक खोट दिसली. खरीखुरी, बोट ठेवता येईल अशी.

दोन दिवसांत तिनं परीक्षण लिहिलं. छापलेल्या परीक्षणांचा बाज कसा असतो ते बघावं म्हणून तिनं आधीची दोन्ही काढली. पहिलं कुस्तीच्या तालमीवरच्या विनोदी चित्रपटाचं होतं. त्यात लिहिलं होतं, 'तालमीतला फोन सारखा वाजतो आणि कुणी उचलत नाही, हा विनोद फार ताणला आहे.' दुसरं अवकाशयानाच्या चित्रपटाचं. 'संदेशाचा दिवा लुकलुकत राहतो, उत्तर मात्र कुणीच देत नाही.'

तीन चित्रपट, तीन दिग्दर्शक. ती तडक मुलाणींकडे गेली.

त्यांनी जुळणीयंत्राची नोंद उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला. "तार तुटली म्हणजे मुद्रा कोरी, असं मीही धरून चाललो गं. पण यंत्राला कोणती तरी मुद्रा लागतेच. नवी मिळाली नाही की ते शेवटची वापरतं. तीन वर्षं इथं एकाच माणसासाठी चित्रपट चाललेत."

"आणि मूळ चित्रपट?"

"तसं काही नसतंच. नुसती दृश्यं असतात."

"कुणाची मुद्रा आहे?"

"नाव नसतं. तारीख आहे." मुलाणींनी ती दोनदा वाचली. "त्या दिवशी चित्रगृह बंद होतं. किल्ली एकट्या कर्णिक मॅडमनी नेली होती. त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांचा धाकटा भाऊ गेला. घरी एकटाच होता, छातीत दुखायला लागलं. त्यानं सात वेळा फोन केला. मॅडम आत परीक्षणासाठी बसल्या होत्या आणि फोन पेटीत होता."

नूपुर परीक्षण घेऊन मॅडमच्या खोलीत गेली. काय सांगायचं ते तिनं सांगितलं. मॅडमना आश्चर्य वाटलं नाही.

"तार मीच ओढून तोडली," त्या म्हणाल्या. "समोर तेच सुरू झालं म्हणून. वाटलं, संपलं. यंदा खुर्ची वापरात काढली आणि पहिलंच परीक्षण वाचलं, तेव्हा कळलं की संपलेलं नाही."

"मग पुढच्यांना का बसवलंत?"

"माझ्यानं बसवत नाही तिथं. पण दर वेळी वाटतं, या वेळी कुणीतरी उचलेल."

नूपुरला राग आला. कीवही आली, पण राग आधी आला. "आम्हाला सांगायचं तरी, मॅडम."

"चुकलंच माझं." मॅडमनी तिच्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. "उचलते का गं ती, शेवटी?"

हो म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? मॅडमच्या चेहऱ्याकडे बघून नूपुरच्या ओठांवर ते आलंही होतं. मग तिला आपल्या सहा लग्नपत्रिका आठवल्या.

"नाही," ती म्हणाली. "उचलत नाही. पण चित्रपट लबाड आहे, मॅडम. मी तेच लिहिलंय." तिनं कागद उलगडून वाचायला सुरुवात केली. "'फोन आणि बाई संपूर्ण चित्रपटात एकदाही एका चौकटीत येत नाहीत. चेहऱ्याला फोन चिकटवून दिग्दर्शक आपल्याला पटवतो की ती ऐकते आहे. ती सभागृहात आहे, फोन वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला. तिला तो ऐकूच येणं शक्य नाही. हा दोष जोडकामाचा आहे, बाईचा नाही.'"

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या.

"एकदाही नाही? नीट बघितलंस?"

"दर वेळी वहीत फुली मारलीय. एकदाही नाही."

मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला, आणि परीक्षणाच्या डोक्यावर 'छापावे' असं लिहिलं. अक्षर वाकडं आलं. त्याच संध्याकाळी त्यांनी मुलाणींना बोलावून सतरा नंबरची खुर्ची काढून टाकायला सांगितली.

नूपुर वर्गात राहिली. पुढच्या बुधवारी ती आपल्या नेहमीच्या बारा नंबरच्या खुर्चीत बसली. स्पंदवाचक धडधाकट होता. चित्रपट हलकाफुलका, कॉलेजच्या सहलीचा होता आणि पहिली दहा मिनिटं ती पोट धरून हसली.

मग चित्रपटातल्या एका मुलीनं आपली पिशवी बसमध्ये ठेवली, ती खाली उतरली, आणि पिशवीतला फोन वाजायला लागला.

हे शेजारच्या कुणालाही दिसत नव्हतं, हे नूपुरला ठाऊक होतं; या वेळी मुद्रा तिची स्वतःची होती. फोन वाजत होता. तिनं काळी वही उघडली, कागदाकडे न बघता पेन्सिल टेकवली, आणि ती मुलगी चौकटीत कुठं दिसते का ते शोधायला लागली.