कंपनी वेगळी, औषध तेच

"डोकेदुखीच्या गोळीत गहू असतो का हो?" या वाक्याने कुणाचं प्रेम सुरू झाल्याचं ऐकिवात नाही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं झालं.

त्याला वाटलं, बाई फिरकी घेतेय. "मॅडम, हे मेडिकल आहे. पिठाची गिरणी पुढच्या गल्लीत."

ती हसली नाही. म्हणजे... डोळ्यांनी हसली, पण कपाळावरचा हात काही हलला नाही. समोरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात ती दिवसभर बारीक चाकांत डोळे घालून बसायची. डोकं दुखणं तिच्या धंद्यातच होतं. त्यात तिला सिलिअ‍ॅक नावाचा आजार. गव्हाचा कण पोटात गेला, की आतडी आठवडेच्या आठवडे धुमसायची. आणि गोळीच्या खोक्यावर नुसतं 'स्टार्च' लिहिलेलं. मक्याचा की गव्हाचा, ते गुलदस्त्यात.

त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने कंपनीला फोन लावला. कंपनीने बराच वेळ बासरी ऐकवली. ती स्टुलावर बसून राहिली, आणि बासरी आणखी थोडी चालावी असं त्याला आयुष्यात प्रथमच वाटलं.

मका निघाला. तरी तिने स्वतः पुन्हा फोन करून खात्री केली, मगच गोळी घेतली.

पुढे तो सर्दीचं, तापाचं, तिला न झालेल्या आजारांचंही विचारून ठेवू लागला. त्याच्या दुकानातलं घड्याळ तर सारखंच बंद पडू लागलं. सेल कोण काढतं, हे तिने दुरुस्त करताना कधी विचारलं नाही. गल्ल्यावरून त्याची आई म्हणायची, "डोकं तिचं दुखतंय, गुंगी याला आलीय."

एका दुपारी ती कपाळ चोळत आली आणि म्हणाली, "तू दिलंस ना, की मी आता काही वाचत नाही."

तू! आजवर सगळं अहो-जाहो चाललेलं. तो कपाटापर्यंत गेला, पण जमिनीवरून गेला असं म्हणवत नाही. नेहमीची पट्टी संपली होती. हात शेजारच्या खोक्यात गेला, आणि गिऱ्हाइकांना सांगून सांगून जिभेला चिकटलेलं वाक्य आपसूक बाहेर पडलं — "कंपनी वेगळी, औषध तेच."

तिने न वाचता पट्टी पर्समध्ये टाकली.

औषध तेच होतं. स्टार्च गव्हाचा होता. खोक्यावर आणि पट्टीवरही तसं छापलेलं होतं. कंपनीने काही लपवलं नव्हतं.

घड्याळांच्या दुकानाचं शटर बरेच दिवस खाली राहिलं. वर गेलं, तेव्हा तो रस्ता ओलांडून गेला. तिच्या मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरत होतं. माफी त्याने पाठ करून आणली होती. बाहेर पडलं भलतंच.

"मला तू आवडतेस."

"माहीत आहे." तिने हातातला चिमटा खाली ठेवला. "मलाही... रागावले नाहीये मी. पण तुमच्यासमोर मी वाचायचं विसरते. आणि ते विसरून मला जगता येत नाही."

'तुमच्या'वर तिने जोर दिला नव्हता. द्यायची गरजही नव्हती.

ती अजून येते. पट्टी उजेडाकडे धरून अक्षर न् अक्षर वाचते, आणि "येते" म्हणून निघते. ती वाचत असते तेवढा वेळ तो तिच्याकडे बघून घेतो. आई मुकाट्याने सुटे पैसे लावत बसते. डोकेदुखीच्या गोळ्या मागवताना हल्ली तो दोनच गोष्टी बघतो — स्टार्च मक्याचा हवा, आणि अक्षर शक्य तितकं बारीक.