काचेला न कळणारा हात

स्टायलस तोच, काच तीच. केतकीने तो डाव्या हातात धरला की फोनवर झरझर रेघ उमटे. उजव्या हातात धरला की काच ठार कोरी, जणू कुणी आलंच नाही.

"ठोंब्या, फोन बिघडलाय."

"फोन ठणठणीत आहे," ठोंब्या म्हणाला. ठोंब्या म्हणजे घरातला यंत्रमानव. नाव केतकीनेच ठेवलं होतं आणि ते आपल्याला आवडतं, असं निदान तो म्हणायचा.

केतकीचा उजवा हात जन्मापासून कोपरापर्यंतच होता. गेल्या आठवड्यात तिला नवा हात मिळाला, रबरी कातडीचा. मनात आणलं की त्याची बोटं मिटत, उघडत. त्याने तिने पोळीचा तुकडा मोडला, ठोंब्याचा कान पिळला. पण तिला तो हवा होता वेगळ्याच गोष्टीसाठी.

तिचे बाबा चंद्रावर बर्फ खणायच्या कामावर होते. रोज दिवेलागणीला त्यांचा फोन येई आणि मग 'हातभेट' होई. फोन उलगडून पाटीएवढा करायचा, तिकडे बाबांनी बोटं टेकवायची, इकडे केतकीने. बोटं जुळली की त्यांच्याखाली केशरी उजेड पसरे. बाबा नेहमी दोन्ही हात टेकवत. केतकीच्या डाव्या हाताखाली उजेड येई. उजवीकडे काचेवर दिसणारी बाबांची बोटं राखाडीच राहत, वाट बघत.

उद्यापासून बाबा चंद्राच्या पलीकडच्या बाजूला जाणार होते. तिथून थेट सिग्नल पोचत नाही, म्हणून हातभेट होत नसे. म्हणजे उरली ती आजची.

"नवं बोट टेकवलं, चालेना. म्हणून स्टायलस धरला, तर तोही चालेना," केतकी म्हणाली. "मी काचेला कळतच नाही."

ठोंब्या तिच्याशेजारी मांडी घालून बसला. "काचेखाली वाहकाची (वीज वाहून नेणाऱ्या पदार्थाची) पारदर्शक जाळी असते. तिच्यावर थोडा विद्युतभार (विजेचा साठा) पसरलेला असतो. आता तुमचा वर्ग डोळ्यांपुढे आण. खिडकीबाहेर कुल्फीची गाडी आली, तर काय होतं?"

"सगळे त्या खिडकीकडे सरकतात."

"बाहेर कुणी जात नाही, पण बाईंना बरोबर कळतं गाडी कुठे आहे ते. तसंच. तुझ्या अंगात खारट पाणी आहे, म्हणून तूही वाहक. बोट टेकलं की जाळीतला भार तिथे सरकतो. फोन ती जागा मोजतो. या भार धरून ठेवण्याच्या क्षमतेला धारिता म्हणतात."

"आणि रबर?"

"रबर म्हणजे गाडीचं नुसतं चित्र. कोण हलणार?"

"पण स्टायलस तर धातूचा आहे."

"धातू ही फक्त वाट. वाटेच्या टोकाला माणूस लागतो. डाव्या हातात काच, स्टायलस, तू, अशी सलग वाट आहे. उजव्या हातात ती रबरापाशी तुटते."

केतकीने दंडापासून रबरी बोटापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या दंडापासून बोटाच्या टोकापर्यंत वाट हवी."

ती धावत गेली आणि नाटकाच्या मुकुटाची चकचकीत जर घेऊन आली. एक टोक दंडाला गुंडाळलं, दुसरं बोटाला. काच कोरीच.

"हिच्या आत प्लॅस्टिक आहे आणि वर रोगण," ठोंब्या म्हणाला. "चकाकतं ते सगळं वाहक नसतं."

आई दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. ती आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ती जुनी पैठणी आणि कात्री घेऊन आली.

"हिची जर खऱ्या चांदीची आहे," आई म्हणाली.

"आई, ती पणजीची आहे."

"पणजीने मला दिली. मी तुला देणारच होते, जरा आधी देतेय." आणि तिने पदराच्या काठाची जर कापली.

मग तिघं कामाला लागली. दंडाच्या कातडीला टेकलेले जरीचे धागे प्रत्येक बोटाच्या टोकापर्यंत नेले. तिथे आईने छोटे गोंडे बांधले, कारण ठोंब्याने बजावलं होतं, सुईसारखं टोक काचेला जाणवत नाही, बोटाएवढी जागा टेकायला हवी.

फोन वाजला. बाबांचे दोन्ही हात काचेवर आले, नेहमीसारखे. केतकीने डावा टेकवला. मग उजवा.

इथून चंद्रावर निरोप जायला सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, यायलाही तेवढाच. केतकीला तो संध्याकाळभराचा वाटला.

उजवीकडे उजेड पसरला. पाचही बोटांखाली.

बाबा काही बोलेनात.

"सिग्नल गेला का?" केतकीने विचारलं.

"सिग्नल आहे," ठोंब्या हळूच म्हणाला. "बाबा गप्प आहेत."

"केतू," बाबांचा आवाज आला, घोगरा. "कळतंय का गं तुला, मी तुझा हात धरलाय ते?"

केतकीने उजव्या हाताकडे पाहिलं. खोटं बोलायचं नव्हतं. "नाही, बाबा. काचेला मी कळले, पण मला काच नाही कळत."

"वाट सध्या एकाच बाजूची आहे," ठोंब्या म्हणाला. "बोटाला झालेला स्पर्श दंडापर्यंत आणायचा शोध अजून चालू आहे."

"मग मीपण शोधते," केतकी म्हणाली. हात तिने उचलला नाही. "तुम्ही पलीकडून या, बाबा. आल्यावर माझा उजवा हात धरा आणि 'कळतंय का' असं विचारू नका. मीच सांगेन."