उजळलेला रुपया

ही गोष्ट दोन हजार तेवीसच्या दिवाळीतली. भाऊबीज उलटली आणि जव्हारचे पंढरी गुरुजी तणतणत हर्षालीताईंकडे आले. ताई खासगी तपास करत. त्यांचा मदतनीस नितीन याचा चहा तसाच राहिला.

नाणी जमवणं हा गुरुजींचा जुना नाद. त्यांचा शंभरी ओलांडलेला, काळा पडलेला चांदीचा रुपया कोणी तरी नेला होता आणि डबीत लखलखीत नकली ठेवला होता. चोरही त्यांनी ठरवून टाकला होता : दिवाळीआधी घर रंगवून गेलेला नवसू.

ताई नितीनला घेऊन गुरुजींच्या घरी पोचल्या, तेव्हा नवसू ओट्यावर मान खाली घालून बसला होता. "पोलिसात नाव गेला त मना कोन घरात घेल, ताई?"

गुरुजींची तक्रार थांबेना. रंगकामात सगळं घर उलटंपालटं झालं, लक्ष्मीपूजनाचं नाणंसुद्धा मिळेना. बायको प्रमिला पूजा उरकून भाऊबीजेला खोडाळ्याला गेलेली. खऱ्या रुपयावर, छापातल्या राजाच्या कानामागे खाच होती.

देवघरात समई, ताम्हण चकाकत होतं. शेजारी वाटीत चिंचेचा कोळ वाळला होता. ताईंनी रुपया भिंगाखाली धरला. अक्षरांच्या फटीत लाल काही तरी होतं.

"रंग! नवसूचाच," नितीन म्हणाला.

"भिंती पिवळ्या आहेत, नितीन. कधी तरी बघत जा." ताईंनी कपाळाला हात लावला. मग त्या गुरुजींकडे वळल्या. "चोर बदली नाणं ठेवतो ते मालकाला कळू नये म्हणून. तो काळंच ठेवील. ज्यानं लखलखीत ठेवलं, त्याला काही लपवायचं नव्हतं. हे लाल म्हणजे कुंकू. पूजेचं नाणं मिळेना, म्हणून हे चिंचेनं घासून पूजेला लावलं. लाह्या-बत्ताशांत तुम्ही हात जोडलेत ते यालाच. खाच पाहिलीत?"

गुरुजींनी पाहिलीच नव्हती. खाच जागेवर होती.

तेवढ्यात एसटीनं आलेल्या प्रमिलाबाई पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "देवीपुढं काळं कसं ठेवायचं?"

"मला सांगायचं तरी!"

"नाण्यांचं निघालं की तुम्ही दुसऱ्याला बोलू देता कधी?"

घासलं की जुन्या नाण्याची किंमत उतरते; त्या रुपयाला पुढे एकाही संग्राहकानं विचारलं नाही. तो देवघरातच राहिला. नवसू जव्हारात घरोघरी रंग देतो, पण गुरुजींचा ओटा चढत नाही. दोनदा माफी मागून झाली, तरी पुढच्या दिवाळीला गुरुजींनी भिंती स्वतःच रंगवल्या, वाकड्यातिकड्या. प्रमिलाबाईंनी चिंच सोडलेली नाही. आणि नितीन अजूनही ओट्यावर बसलेल्यालाच आधी चोर समजतो. ताईंनी सांगणं सोडून दिलं आहे.