उजव्या दाराची काच

भिगवण रोडला काचेच्या दुकानासमोर आमची गाडी थांबली, तेव्हा मी मागं बसून खताच्या रिकाम्या पोत्याची दोरी धरून होते. मागच्या उजव्या दाराला काच नव्हती. काचेच्या जागी पोतं. पाऊस आत येत होता, उजवी बाही भिजून कोपरापर्यंत चिकटली होती... आणि डोक्यात नुसता जाळ.

दुकानातला माणूस हातातलं टाकून आला. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. पोतं जरा बाजूला सारून त्यानं आत वाकून माझ्याकडं बघितलं.

"कधी फुटली?"

"काल दुपारी," पुढनं दीपकदादा म्हणाला. "भिगवणला. चोरी झाली."

"तुमाला न्हाय, ह्यांना इचारलं. दोरी ह्यांच्या हातात हाय."

मी चोवीस वर्षांची. आमच्या गावात, कोऱ्हाळ्यात, मला कुणी थेट काही विचारल्याचं आठवत नाही. जेवलीस का, एवढं आई विचारते. बाकी सगळं माझ्याबद्दल दुसऱ्यांना विचारतात. म्हणून तो प्रश्न लक्षात राहिला.

"काल दुपारी," मी म्हणाले. "दोरी सोडू का आता?"

"सोडा की. पोतं उडालं तर मी हाय."

तो जोतीराम.

चोरीत काय गेलं ते सांगते. आईची नवी साडी सीटवर होती, ती राहिली. माझा फोन चार्जिंगला होता, तोही राहिला. गेली फक्त एक निळी फाईल. दहावी, बारावी, दाखला, जातीचा कागद, सगळं ओरिजिनल. वनरक्षकाच्या यादीत माझं नाव लागलं होतं. दोन वर्षं कालव्याच्या कडेनं पहाटे पळाले, कुत्री मागं लागली, पोरं मागं लागली, तरी पळाले, तेव्हा कुठं लागलं. मंगळवारी सकाळी दहाला चंद्रपुरात कागद तपासणी. ओरिजिनल दाखवा, नाहीतर घरी जा. दुसरी प्रत काढायला महिना-दोन महिने. आणि आज होता शुक्रवार.

फाईल मी कुठंच सोडत नव्हते. वडील, आमचे तात्या, एकदा म्हणाले होते, चुलीत घालीन. तेव्हापासून रात्री उशाला, दिवसा काखेत. काल इंदापूरच्या मोहनरावांच्या घरी जातानाही ती माझ्याबरोबर होती.

तिथं का गेलो होतो? साट्यालोट्यासाठी. मोहनरावांच्या अविराजला मी द्यायची, बदल्यात त्यांची संस्कृती आमच्या दादाला. दादा एकोणतीसचा झालाय. अकरा पोरींनी नाही म्हटलं. ऊस आहे, विहीर आहे, गाडी आहे, पण शेती करणाऱ्याला पोरगी देत नाही कुणी. पोटातच पोरी मारल्या, आता पोरी नाहीत म्हणून रडतात. मग ज्याच्या घरात एक शिल्लक आहे, त्यानं ती दुसऱ्याच्या घरी द्यायची आणि तिथली उचलून आणायची. संस्कृती चहाचा ट्रे घेऊन माझ्यासमोर आली, तेव्हा तिनं एकदाही मान वर केली नाही. तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

मी चहा प्यायले. तिथंच म्हणाले, "मी मंगळवारी चंद्रपूरला चाललेय." एकदम शांतता. येताना भिगवणला मच्छी खायला थांबलो, ती शांतता गाडीतनं आमच्याबरोबरच आली. मच्छीचे हात लागतील म्हणून फाईल मी तेवढ्यापुरती सीटवर ठेवली. दादा फोन करायला म्हणून पाच मिनिटं ताटावरनं उठला. आम्ही जेवून बाहेर आलो, तर काच फुटलेली. मी तिथं रस्त्यावर बसले. दादानं सीटवरच्या काचा हातानं गोळा केल्या, मनगटावर कापलं त्याला, रुमाल बांधला. मला भरून आलं. म्हटलं, कसाही असो, भाऊ आहे.

तर जोतीरामनं दाराचं पॅड खोलायला घेतलं.

"दार कशाला खोलताय?" दादा म्हणाला. "वरनं काच सरकवा की."

"फुटलेली सगळी खाली दाराच्या पोटात पडलीय. ती न्हाय काढली तर दार लावताना दरयेळी वाजंल. गाडी इकुस्तोवर वाजंल."

"वाजू दे."

"तुमाला चालंल. ह्यांना मागं बसायचंय."

दादाला फोन आला, तो शेडच्या टोकाला गेला. मी स्टुलावर बसून बघत होते. खडीसाखरेसारखे खडे, मुठीमुठीनं बाहेर. बोटं लांब होती त्याची, एवढ्याशा फटीत अलगद जात होती.

"लागत नाही का हाताला?"

"आमी भिगवणचे. धरणावर जाळी टाकणारं घर. लहानपणी चिलापी मासळीच्या काट्यानं हात एवढा फाटलाय, की काचंला नवी जागाच न्हाय."

मी हसले. काल दुपारपासून पहिल्यांदा. तो हसला नाही, नुसता बघत राहिला... मग खाली बघून पुन्हा खडे काढायला लागला. मध्येच त्याचा हात थांबला. दाराच्या आत, तळाशी. बराच वेळ थांबला.

"काय झालं?"

"काय न्हाय. अडकलं हुतं काय तरी."

त्यानं मूठ खिशात घातली. मला वाटलं, खडा असेल.

दादा परत आला. "हात धुवून घ्या, रगत वाळलंय," जोतीराम म्हणाला आणि त्यानं स्वतः तांब्यानं पाणी घातलं. दादानं रुमाल सोडला. त्या वेळी मी फोनमध्ये गाड्यांच्या वेळा बघत होते. उगाच. जाणार कुठं होते?

"काच पुण्यावरनं मागवावी लागंल. उद्या येईल. नंबर?"

दादानं तोंड उघडायच्या आत मी माझा नंबर सांगितला. तो पुठ्ठ्यावर लिहिताना म्हणाला, "एक सांगतो. कितीबी झाडलं तरी वरीसभर एखादा खडा सापडत राहतो. सीटखाली, पिशवीत, कुठंबी. सापडला की फोन करा. माझं काम कच्चं राहिलं समजंल मला."

"सगळ्या गिऱ्हाइकांना सांगता हे?"

"न्हाय," तो म्हणाला आणि वळला.

शनिवारी दहाला फोन.

"गडबड झालीय. उजवी मागवली, डावी आली. एकदा दार बघावं लागंल. या तुमी... तुमीच या. एकट्या."

मी फोन ठेवला आणि माझा मलाच राग आला. कारण मला बरं वाटलं होतं. आयुष्याची माती झालीय, आणि एका काचवाल्यानं एकटी ये म्हटलं तर बरं वाटतंय! दादा डेअरीवर गेला होता. किल्ली खुंटीला होती. काल रात्री तो दोनदा किल्ली घेऊन अंगणात गेला होता आणि दोन्ही वेळा आई ओट्यावर लसूण सोलत बसलेली बघून परत आला होता. मला ते तेव्हा दिसलं. कळलं मात्र नाही. मी किल्ली घेतली आणि गाडी काढली.

दुकानात भिंतीला काच टेकवून ठेवलेली. मी ती दाराकडं धरून बघितली.

"ही तर उजवीच आहे."

"व्हय."

"मग डावी?"

"डावी आलीच न्हाय. खोटं बोललो."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. मी ओढणी सारखी केली. उगाच.

"जोतीराम, मी सरळ विचारते. काल येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला तुम्ही ताई म्हणत होता. मला एकदाही नाही."

"तुमाला म्हणायला जमलं न्हाय."

"का?"

त्यानं ड्रॉवर उघडला, वर्तमानपत्राची एक पुडी काढली आणि माझ्यासमोर उलगडली. आत राखी होती.

मला हसूच फुटलं. "अच्छा! म्हणजे आज ताई करून टाकताय?"

तो हसला नाही. मग मी नीट बघितलं.

गुंजांची राखी. लाल गुंजा, प्रत्येकीला काळा डोळा. हिरव्या दोऱ्यात ओवलेली. कालव्याच्या कुंपणावरच्या शेंगा मी पळून झाल्यावर फोडायची, एकेक गुंज खिशात घालून आणायची. राखीपौर्णिमेला मी ती स्वतः ओवली होती. अशी राखी बाजारात मिळत नाही. जगात एकच होती. दसऱ्यापर्यंत मनगटावरनं काढायची नाही, ही आमच्याकडची रीत. दोरा तुटला होता. त्यावर वाळलेलं रक्त.

"दाराच्या पोटात, खड्यांच्या खाली हुती," तो म्हणाला. "आधी राखी पडली, वरनं काच. सीट झाडताना पडली असती तर खड्यांवर असती. काल त्यांचा हात धुताना मनगटावर पांढरा पट्टा दिसला. मला वाटलं... पण खात्री फक्त तुमी करणार."

मी स्टुलावर बसले. रडले नाही. रडायचं काय त्यात? चोरानं साडी सोडली, फोन सोडला आणि कागद नेले, तेव्हाच कळायला पाहिजे होतं. घरातनं फाईल गेली असती तर बोट घरातल्यांवरच गेलं असतं. म्हणून भिगवण.

"फोनवर का नाही सांगितलं?"

"असलं फोनवर सांगायचं नसतं. आणि... तुमी कोसळला असता, तर जवळ कुणी तरी पायजे."

"काल का नाही सांगितलं?"

"ते हुते ना. तुमाला त्यांच्याच गाडीतनं, त्यांच्याच मागं बसून घरी जायचं हुतं."

राग आला पाहिजे होता. आला नाही. उलट डोकं लखलखीत झालं. पाच मिनिटं. हातातनं रक्त. दादाच्या हातात पिशवी नाही, रस्ता माणसांनी भरलेला. फाईल घेऊन तो जाईल कुठं?

"जोतीराम, डिक्की उघडा."

आम्ही दोघांनी डिक्कीतला गालिचा उचलला. स्टेपनी. त्यानं नट फिरवला, चाक वर उचललं. खाली, जॅकच्या शेजारी, डिझेलच्या फडक्यात गुंडाळलेली निळी फाईल. दोन दिवस ती माझ्याबरोबरच फिरत होती.

एकेक कागद मी काढून बघितला. दाखल्याच्या कोपऱ्याला तेल लागलं होतं, बस्. मग मात्र मी रडले. त्यानं हात धरला नाही, पाठीवरनं हात फिरवला नाही. नुसता माझ्या आणि रस्त्याच्या मध्ये उभा राहिला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये म्हणून.

मग त्यानं काच बसवली. मी दार लावून बघितलं. काही वाजलं नाही.

घरी गेले तेव्हा दादा अंगणातच होता. नवी काच बघितली, मग माझ्या काखेतली फाईल बघितली. त्याचा चेहरा पडला तो पडलाच.

"दादा, हात पुढं कर."

त्यानं केला. मी राखी बांधली नाही, तळहातावर ठेवली.

"सुपे..." त्यानं राखीवर मूठ मिटली. "तू गेलीस तर मला कोण पोरगी देणार गं?"

"ते मला माहीत नाही. पण मी तुझ्या लग्नातला आहेर नाही."

तात्या आतनं ओरडत आले. दादाच त्यांच्या आडवा झाला. "जाऊ द्या तिला, तात्या," म्हणाला. एवढंच त्यानं माझ्यासाठी केलं. कमी नाही ते. पण माफ मी अजून केलेलं नाही, आणि कराच असं कुणी मला सांगू नये.

रविवारी सकाळी भिगवण स्टेशनवर आई आली होती, डबा घेऊन. आणि जोतीराम. स्टेशनाजवळच त्याचं घर, पण अंगात धुतलेला पांढरा शर्ट होता, इस्त्रीची घडी दिसत होती. आईनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पाण्याची बाटली भरायला गेली. बाटली भरलेलीच होती.

"परत कधी?" तो म्हणाला.

"ट्रेनिंग आहे. मग जंगल. सांगता येत नाही."

"बरं."

"बरं काय? अजून काही बोला की."

त्याच्या ओठांवर काही तरी आलं... गाडीही आली. तो म्हणाला, "खडा सापडला तर फोन करा."

काय माणूस! मला चालत्या गाडीतनं उडी टाकून त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून मी दौंडपर्यंत बसून राहिले.

कागद पास झाले. ट्रेनिंग झालं. आता माझ्याकडं राखायला चौदा किलोमीटर जंगलाची बीट आहे, खाकी आहे, काठी आहे. साटंलोटं मोडलं. संस्कृतीनं इंदापूरला कॉलेजात नाव घातलं, असं आई म्हणते. दादा अजून बिनलग्नाचा आहे. वाईट वाटतं, पण त्याचं औषध मी नाही.

जानेवारीत एका संध्याकाळी मी क्वार्टरच्या पायरीवर बसून त्याला फोन लावला.

"सापडला," मी म्हणाले.

"काय?"

"खडा. फाईलमध्ये."

पलीकडं, मागं कुठं तरी दार लावल्याचा आवाज. "व्हय का... मी तर समदे काढले हुते."

"हा तिसरा."

"तिसरा? पयल्या दोन येळी फोन का न्हाय केला?"

सागाची पानं गळत होती, मोठी, सुपाएवढी. मी डोळे मिटले.

"खोटं बोलले, जोतीराम. एकही सापडला नाही. काम पक्कं होतं तुमचं."

तो हसला. पहिल्यांदाच हसताना ऐकलं त्याला.

"सुप्रिया," तो म्हणाला. ताई नाही, मॅडम नाही. "भिगवणला तुमच्या आई मासळीला आल्या हुत्या. मी त्यांना काय बोललो न्हाय. तात्यांकडंबी गेलो न्हाय. कुणाकुणाला विचारायचं, मला कळंना. तिकडं यायचं म्हणतोय मी. येऊ का?"

"कुणाला विचारताय?"

"तुमालाच."

आयुष्यात पहिल्यांदा. मी उत्तर द्यायला घाई केली नाही. तो प्रश्न मला थोडा वेळ तसाच जवळ ठेवायचा होता.

"या," मी म्हणाले.