राहून गेलेली हाक

रिकामं भांडं परत देऊ नये, म्हणून नूरभाभींच्या शिरखुर्म्याच्या डब्यात चकल्या भरल्या आणि वर गेले. २०१२ सालची, ईदनंतरची दुपार. पनवेलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या माझ्या बरोब्बर वर राहतात. दार उघडंच होतं. आत बघते तर कॅमेरा, दिवे!

"मालूमावशी, बऱ्या आलात!" त्यांचा अरीब म्हणाला. "माझ्या शॉर्ट फिल्ममध्ये एक चोंबडी शेजारीण हवीय."

"मेल्या, म्हणजे ॲक्टिंग करायलाच नको!"

सगळे हसले. त्याची मोठी बहीण शबनम सोडून.

गोष्ट तिचीच होती. नव्वद साली कुवेतमध्ये लढाई पेटली, तेव्हा हे घर नेसत्या कपड्यांनिशी वाळवंटातून पळालं. शबनम सात वर्षांची. इथे आली ती गप्पच. आता तिची नशरा सात वर्षांची झाली, पण ही बाई लेकीशी कधी खेळली नाही. पोर माझ्याकडे येऊन रडायची, "अम्मीला मी आवडत नाही का?"

आमच्याकडे परगावाहून निघताना लहान पोराला नावाने हाक मारतात. नाही मारली, तर त्याचं खेळणारं मन तिथेच राहतं म्हणे.

"गोळ्यांच्या आवाजात माझी हाक राहूनच गेली," भाभी डोळे पुसत म्हणाल्या.

फिल्ममध्ये ती हाक मी मारायची होती. त्यातल्या मुलीचं नाव सना, काम नशराचं.

मी दारात उभी राहिले. समोर अंधारा जिना. अरीबने खूण केली आणि माझ्या तोंडून गेलं, "शबनम, चल गं घरी!"

पंखा थांबला. तापलेल्या वाळूचा वास आला... आणि जिन्यातून, अगदी खालून, बारीकसा आवाज.

"आले..."

नशरा तर माझा पदर धरून उभी होती. तोंड घट्ट मिटून.

अनवाणी पावलं धपधप वर आली. मला घासून गरम वारा आत गेला. शबनम दचकली... आणि खदखदून हसली!

"नशरा, राज्य तुझ्यावर!" ओरडतच ती पलंगामागे लपली. नशरा किंचाळत धावली. भाभी हसता हसता रडल्या. चकल्या तिथेच फस्त झाल्या.

तेव्हापासून रोज दुपारी मायलेकींचा लपंडाव चालतो. नशरा माझ्या ओट्याखाली लपते आणि कुजबुजते, "मावशी, हिलापण चकली."

विचारल्याशिवाय राहणारी मी नव्हे. पण हे विचारलं नाही. मुकाट दोन वाट्या ठेवते.

नशराची वाटी रिकामी परत येते. दुसरीत चिमूटभर वाळू असते. गरम.

रिकामं भांडं परत देऊ नये, हे तिला कुणीतरी नीट शिकवलंय.