चुका जुळल्या तर

टेबलावर कातड्याचे चौदा तुकडे होते. नऊ सपाट, चार कडेने आक्रसलेले, एक पुराच्या चिखलाने तपकिरी झालेला. पलीकडे एक तरुण होता. तो सानिकाने शेवटी मोजला.

"बोट लावू नका हां," तो म्हणाला.

"मी नाण्यांचे फोटो काढायला आलेय. खोली चुकली वाटतं."

"चुकलात ते बरं झालं. हातात दिवा कसला?"

"अतिनील किरणांचा. पुसट शाई त्याखाली ठळक दिसते."

त्याने लगेच खुर्ची पुढे सरकवली.

रूबेन म्हाप्रळकर. घरचे बेने इस्रायली, कोकणातले ज्यू. तुकडे पणजोबांच्या तोराचे होते, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, हिब्रूत हाताने उतरवलेली. नक्कल करणाऱ्याकडून बरेच शब्द सुटले, म्हणून ती वाचनातून बाद होऊन पेटीत गेली. मग चिपळूणचा पूर पेटीत शिरला.

रत्नागिरीहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून आलेल्या सानिकाची नाणी बाजूलाच राहिली. तीन आठवडे त्या छोट्या संग्रहालयात, खिडक्या लावून, दिवा तिचा आणि डोळे त्याचे. दिव्याखाली त्याचा पांढरा शर्ट निळसर चमके. हसला की दातही...

पहिल्याच दिवशी तिने सगळे फोटो डावीकडून उजवीकडे ओळीने चिकटवले होते.

"अहो, हिब्रू उजवीकडून वाचतात. जगाची निर्मिती शेवटी नेऊन ठेवलीत!"

"मग तीन तास गप्प का बसलात?"

"चिकटवताना जिभेचं टोक बाहेर येतं तुमचं. बघत होतो."

शेवटी शब्द सुटलेल्या एकवीस जागा सापडल्या. हर्णैच्या एका घरीही अशीच बाद झालेली तोरा होती.

"बरोबर तर सगळेच लिहितात," रूबेन म्हणाला. "नातं कळतं ते चुकांवरून. दोन्ही नक्कल करणारे निम्म्याहून जास्त जागी सारखेच चुकले असतील, तर दोन्ही प्रती एकाच मुळावरून उतरल्या."

तसं निघालं, तर त्याचं संशोधन इथेच, दोन वर्षं. नाहीतर रविवारचं विमान. इस्रायलमधल्या हैफाच्या विद्यापीठात जागा तयार होती.

शुक्रवारी सकाळी हर्णैचे फोटो आले. सानिकाने त्यांच्यावर हात ठेवला.

"हे मी मोजणार नाही."

"का?"

"कारण... ते जुळावेत असं मला वाटतंय. फार वाटतंय. अशा माणसाने मोजू नये."

"शास्त्रासाठी वाटतंय?"

"नाही."

रूबेन हळूच म्हणाला, "मग मलाही मोजता येणार नाही. पहिल्या दिवसापासूनच."

आता हिब्रू न येणारं कोणीतरी हवं होतं. संग्रहालयाच्या कारकून करुणाताईंना त्यांनी फायलींमधून उठवून आणलं.

"काय गो, मला हे वाचता थोडंच येतंय?"

"म्हणूनच ताई. नुसते आकार बघायचे. सारखे की वेगळे, एवढंच. आम्ही बाहेर थांबतो."

"थांबा बाहेरच. नाहीतरी दोघं कामाची कुठे उरलायत!"

दोघं पायरीवर बसली. वाशिष्ठी नदीकडून वारा येत होता.

"नाही जुळलं तर?" तिने विचारलं.

"तर जाईन. आणि दोन वर्षांनी येईन. थांबशील?"

"सातशे तीस दिवस होतात..."

"सानिका, हो की नाही?"

"हो. जुळो – न जुळो."

त्याने तिचा हात हातात घेतला. तासाभराने दार उघडलं. करुणाताईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हातातला कागद वाचला.

"जागा एकवीस. सारख्या अठरा. वेगळ्या तीन."