मोटारघराची वीज कोणी चोरली?

काकांनी दंतवैद्यांची माफी मागितली.

पण असं काही घडलंच नाही. त्या दुपारी मोटारघरं उभी करायच्या मैदानावर कोणीही कोणाची माफी मागितली नाही आणि ज्यांनी ती ऐकली त्यांनी ती ऐकली नाही, असं दोन्ही घरांत ठरलेलं आहे. तेव्हा मूळ गोष्टीकडे वळू.

मूळ गोष्ट अशी, की सुट्टीसाठी आणलेल्या मोटारघराची बॅटरी मरायला टेकली होती.

"मरत नाहीये, मारली जातेय," काका म्हणाले. काका तिजोऱ्या दुरुस्त करायचे, त्यामुळे जगातला प्रत्येक माणूस त्यांना हातात पहार असल्यासारखाच दिसायचा. "शेजारचा तो दात उपटणारा आपली वीज ओढतोय."

डोक्यावर ऊन रणरणत होतं. छतावरचं सोलर पॅनेल तव्यासारखं तापलं होतं. तरी खालची घराची बॅटरी, म्हणजे इंजिनाची नव्हे, तर दिवे-पंखे चालवणारी वेगळी बॅटरी, भरायचं नाव घेत नव्हती. आणि तिच्यावरच काकांच्या पुतणीची, टाचणीची, उबवणी पेटी चालत होती.

पेटीत बदकाची अंडी होती. कुत्रा मागे लागल्यामुळे त्यांची आई पळाली ती आलीच नाही, म्हणून टाचणीने ती उचलून आणली होती. सकाळपासून आतून टकटक ऐकू येत होती. पेटी गार पडली तर ती थांबणार होती.

"इंजिन चालू करा ना, बॅटरी भरेल," तिचा भाऊ भोंगा हळूच म्हणाला. हळूच म्हणजे फक्त फाटकापर्यंत ऐकू गेलं.

"उभ्या गाडीचं इंजिन चालवायला इथे बंदी आहे. तक्रार कोणी केली होती, ओळख बघू," काका म्हणाले.

"मग अंडी दंतवैद्यांच्या गाडीत ठेवू या," काकू म्हणाल्या. "त्यांच्याकडे वीज आहे."

"आहेच. माझीच आहे ती," असं म्हणून काका भांडायला निघून गेले.

तेवढ्यात मागच्या खिडकीतून कवळी आत उतरली. ही दंतवैद्यांची नात. दोन्ही घरांनी मुलांना एकमेकांशी बोलायची बंदी केल्यामुळे त्यांची दाट मैत्री झाली होती.

"आजोबांचा वीज मोजायचा मल्टिमीटर आणलाय," ती म्हणाली. "त्यांना वाटतंय मी झोपलेय."

त्यांनी छतापासून सुरुवात केली. पॅनेलच्या तारांवर काटा झोकात वर गेला. तीच तार पॅनेलची वीज बॅटरीत भरणाऱ्या चार्ज कंट्रोलरमध्ये शिरत होती, तिथेही वीज हजर.

"म्हणजे इथवर सगळं ठीक," टाचणी म्हणाली. "पण कंट्रोलरचा दिवा का लागत नाहीये?"

"कारण त्याला बॅटरी दिसत नाहीये," कवळी म्हणाली. "पुढची तार धर."

पुढची तार बाकाखाली गेली होती. तिथे फ्यूजचं छोटं घर होतं. झाकण नीट लावलेलं आणि आत काहीच नाही.

भोंग्याने ही बातमी जागेवरूनच काकांना कळवली.

"बघा!" काका बाहेर गरजले. "आता फ्यूजही चोरला!"

"तुमच्या त्या डबड्यातलं मी झुरळसुद्धा घेणार नाही," दंतवैद्य म्हणाले.

"माझी झुरळं तुम्हाला परवडणार नाहीत."

टाचणी खिडकीतून बघत होती. चोर म्हणताना काकांचा हात पँटच्या खिशाकडे गेला, तिथे थबकला आणि त्यानंतर काकांचा आवाज दुप्पट झाला.

"खिशात आहे," ती कुजबुजली. "चोराला वीज मिळू नये म्हणून रात्री स्वतःच काढला असणार आणि सकाळी भांडायच्या घाईत लावायचा राहिला. आत्ता आठवलंय त्यांना, पण कबूल करायचे नाहीत."

"मग मागूया की," भोंगा म्हणाला.

"मागून देतील ते काका कसले? कवळी, चल."

दोघी बाहेर गेल्या. कवळी गोड आवाजात म्हणाली, "काका, आमच्याकडे जादा फ्यूज आहे. आजोबांचा वापरलेला. तुमच्या गाडीत लावू का?"

"त्याचा फ्यूज? माझ्या गाडीत?" काकांनी खिशात हात घातला. "माझा स्वतःचा असताना? हा बघ..."

फ्यूज काकांच्या तळहातावर सगळ्यांसमोर चमकत होता. यानंतर जे घडलं ते घडलंच नाही, हे सुरुवातीलाच सांगितलं आहे.

मुलांनी वीज थांबवायला पॅनेलवर गोधडी टाकली, फ्यूज बसवला आणि मग गोधडी ओढून घेतली. कंट्रोलरचा हिरवा दिवा लागला. पेटीतला बारीक झालेला बल्ब हळूहळू उजळला. टाचणीने कान लावला. टकटक चालू होती.

"पोरांनो, दोन्ही गाड्यांत मिळून अक्कल तुम्हालाच आहे," काकू म्हणाल्या.

"हे मात्र मान्य," दंतवैद्य म्हणाले. मल्टिमीटर त्यांनी तसाच कवळीकडे राहू दिला.

दंतवैद्य एवढ्या जवळ आलेत म्हटल्यावर काका पेटीला कुलूप लावायला खाली वाकले. नेमकं तेव्हाच पहिलं अंडं फुटलं. ओल्या पिल्लाने मान वर केली आणि जगात सर्वांत आधी काकांचं तोंड पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कार्यालयात पुढील अर्ज दाखल झाला:

"महोदय, बदकाची सर्व पिल्ले अर्जदारास आई समजून स्नानगृहापर्यंत मागे येतात. तरी सदर मातृत्व शेजारील दंतवैद्यांच्या नावे तातडीने वर्ग करावे आणि तसे पिल्लांना लेखी कळवावे, ही नम्र विनंती."